लपवलेल्या पिस्तुलाचा बिल्ला

लॉवेल गर्केनच्या कोटाआड, कमरेच्या उजव्या बाजूला जो फुगवटा दिसायचा, तो पिस्तुलाचा नसून चष्म्याच्या घराचा होता, हे न्यू ओल्डेनबर्ग गावात फक्त दोन माणसांना माहीत होतं. एक स्वतः लॉवेल आणि दुसरी त्याची बायको वेल्डा. वेल्डाने ते बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, पण आपल्याला ते माहीत आहे याची आठवण ती लॉवेलला नेमाने करून द्यायची. "निघालास? सशस्त्र आहेस ना?" असं ती दारातून विचारायची, आणि लॉवेल गाडी सुरू करायचा.

पिस्तुलाच्या खोळीत चष्म्याचं घर घालून हिंडणारा माणूस लबाडच असणार असा कुणाचा समज व्हायच्या आत त्यामागचं शास्त्र सांगायला हवं. लॉवेलचं गावच्या मुख्य रस्त्यावर चष्म्यांचं दुकान होतं. ओहायोच्या त्या सपाट कोपऱ्यात मक्याच्या शेतांपलीकडे बघण्यासारखं फारसं काही नाही, तरी जे आहे ते स्पष्ट दिसावं अशी लोकांची अपेक्षा असते, आणि त्यामुळे दुकान बरं चालायचं. दोन वर्षांपूर्वी लांबच्या कुठल्याशा राज्यात एका चर्चमध्ये गोळीबार झाल्याची बातमी आली, आणि गावच्या लुथरन चर्चमधल्या सहा जणांनी मिळून पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना काढला. चर्चच्या मंडळाने त्यांना रीतसर मुभा दिली आणि 'सुरक्षा गट' असं नावही दिलं. रविवारी दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांशी हात मिळवण्याचं काम लॉवेल वर्षानुवर्षं करतच होता, म्हणून गटाचा प्रमुखही तोच झाला. परवान्यासाठीच्या नेमबाजीच्या शिकवणीत त्याचा नेम उत्तम लागला. पण तिथला कागदी माणूस एका जागी उभा असायचा आणि त्याला कसली घाई नसायची.

घरी आल्यावर लॉवेलने स्वतःचीच तपासणी केली. चाळिशी लावली की पिस्तुलाच्या नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा लख्ख दिसे आणि पलीकडचा माणूस धुक्यात जाई. चाळिशी काढली की माणूस लख्ख आणि उंचवटा धुक्यात. दुहेरी भिंगांचा चष्मा लावला तर दोन्ही दिसत, पण त्यासाठी आधी आरवणाऱ्या कोंबड्यासारखी मान वर करावी लागे, मग खाली करावी लागे, आणि तेवढा वेळ समोरच्याने थांबणं आवश्यक होतं. असं गिऱ्हाईक दुकानात आलं असतं तर लॉवेलने त्याला स्वच्छ सांगितलं असतं, "साहेब, दुसरा काहीतरी छंद बघा." स्वतःला सांगणं जड गेलं, पण सांगितलं. पिस्तूल तळघरातल्या तिजोरीत गेलं.

खोळ मात्र कमरेलाच राहिली. कारण रविवारी दारात हात मिळवताना लोक हळूच त्या बाजूला बघायचे आणि त्यांचे खांदे जरासे सैल व्हायचे. एकदा सैल केलेले खांदे पुन्हा आवळायला कसे सांगायचे, हे लॉवेलला उमगेना. मग त्याने दुकानातली चष्म्याची सगळी घरं एकेक करून खोळीत घालून बघितली आणि पत्र्याचं एक टणक घर निवडलं. त्याचा फुगवटा अगदी अस्सल दिसायचा.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण मार्चमधल्या मंडळाच्या बैठकीत ड्वेन नॉफझिगर उठून उभा राहिला. ड्वेन ट्रॅक्टर विकायचा, आणि साधी हवेची चौकशी केली तरी अशी करायचा की समोरच्याला वाटावं, आपण नांगर घेऊन बसलो.

"गटाची तालीम घ्यायला पाहिजे," ड्वेन म्हणाला. "खाली सभागृहात दिवे बंद करायचे, थोडी आरडाओरड करायची आणि प्रत्येकाने पिस्तूल काढून दाखवायचं. गोळ्या नाही हो घालायच्या, पास्टर. नुसतं कोण किती चटकन काढतो ते बघायचं."

लॉवेलच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. अंधार, आरडाओरड, आणि सर्वांच्या आधी बाहेर आलेलं चष्म्याचं घर.

"त्याच्याआधी एक फार महत्त्वाचा मुद्दा आहे," तो म्हणाला. कुठला, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं. पण एवढं बोलून झाल्यावर सगळे त्याच्याकडे वळले, तेव्हा मुद्दा काढणं भाग पडलं. "समजा, देव न करो, काही झालं. शेरीफची माणसं आत आली. त्यांना दिसणार पिस्तूल घेतलेली सात माणसं. त्यातला वाईट एक कोण आणि आपले सहा कोण, हे त्यांनी ओळखायचं कसं?"

मुद्दा खरोखरच महत्त्वाचा निघाला होता, आणि त्याचं सर्वांत जास्त आश्चर्य लॉवेललाच वाटलं. त्याच भरात तो पुढे म्हणाला, "बिल्ला पाहिजे. परवाना असणाऱ्याने छातीवर बिल्ला लावायचा."

चर्चच्या धर्मगुरू पास्टर इन्ग्रिड गावात नवीन होत्या. सगळं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत, आणि तो नेमका नको तो असे. "मला एक कळत नाही," त्या म्हणाल्या. "परवाना पिस्तूल लपवून बाळगायचा आहे ना? मग बिल्ला लावला तर लपवलं काय?"

"पिस्तूल लपलेलंच राहील, पास्टर," लॉवेल म्हणाला. "ते लपलेलं आहे, एवढंच दिसेल."

क्लॅरिस वाइस हसली. ती आयुष्यभर बालवाडीत शिकवून निवृत्त झाली होती आणि चर्चच्या प्रत्येक जेवणात 'पाय' या गोड पदार्थाचं टेबल तिच्याकडे असे. "छान! म्हणजे बाहेरून कुणी आला तर पहिली गोळी कुणाला घालायची ते त्याला शोधत बसायला नको. आपणच चिठ्ठी चिकटवून ठेवायची."

"बिल्ला बघून तो आत येणारच नाही," ड्वेन गरजला.

"मग कुठे जाईल?"

"कुठेही जाईना!"

"पलीकडे मेथडिस्टांचं चर्च आहे, तिथे जाईल. हे प्रभूला चालेल का, ते तेवढं पास्टरना विचारून घे, ड्वेन."

मतं घेतली गेली आणि बिल्ला मंजूर झाला. तालमीचा विषय बाजूला पडला. लॉवेल घरी परतला तो एखादं मोठं संकट टाळल्याच्या समाधानात. वेल्डाने सगळं ऐकून घेतलं आणि बटाटे सोलता सोलता विचारलं, "म्हणजे आतापर्यंत तू नुसता गप्प होतास. आता लेखी सांगणार?"

"बिल्ल्यावर 'परवानाधारक' असं असेल. परवाना माझ्याकडे आहे. अक्षरही खोटं नाही."

"चष्म्याच्या घरावर 'चष्मा' लिहिलेलं असतं, म्हणून आत चष्मा असतोच का?"

"माझ्यात असतो," लॉवेल म्हणाला. वाद तो जिंकला होता, असं त्याचं मत होतं.

बिल्ल्याचा नमुना टपालाने आला. सोनेरी, ढालीच्या आकाराचा, वर पंख पसरलेला गरुड. त्याचा परिणाम शास्त्रीय पद्धतीने तपासावा म्हणून लॉवेल तो लावून वाणसामानाच्या दुकानात गेला. दुधाच्या फडताळापाशी एका गृहस्थाने, काहीही विचारलेलं नसताना, आपली गाडी अपंगांच्या जागेत लावल्याचं कबूल केलं आणि ती हलवायला धावला. एका बाईने त्याचा हात धरून त्याला मागच्या वाहनतळावर नेलं; तिथे एक कॅनडाचं हंस जातीचं बदक कुणाला गाडीजवळ फिरकू देत नव्हतं. "तुम्ही काहीतरी करा ना," बाई म्हणाली. लॉवेलने काहीतरी केलं. बदकाने त्याला पोटरीला दोनदा चावून वाहनतळाच्या टोकापर्यंत हाकललं. या तपासणीतून एवढं सिद्ध झालं की बिल्ल्याचा परिणाम माणसांवर होतो.

परिणाम जरा जास्तच होतो, असं परगण्याच्या कायदा सल्लागारांचं म्हणणं पडलं. त्यांनी कळवलं की ढालीचा आकार चालणार नाही, लोकांना पोलीस वाटतील. मग ड्वेनने तारा सुचवला. तारा तर मुळीच चालणार नाही, तो शेरीफचा. गरुड सरकारचा. सोनेरी रंग अधिकाऱ्यांचा, रुपेरी शिपायांचा. न्हाव्याने सुचवलं, मक्याचं कणीस काढा. लॉवेलच्या शेजाऱ्याने कुंपणावरून सुचवलं की बिल्ला उलटा लावावा, म्हणजे आतून सगळ्यांना लागू असेल आणि बाहेरून कुणाला दिसणार नाही. यावर लॉवेलने काही क्षण गंभीरपणे विचार केला, आणि मग आपण कुठे येऊन पोचलो आहोत हे ध्यानात येऊन तो घरात निघून गेला.

शेवटी उरला तो साधा गोल, हिरवा, त्यावर पांढरी अक्षरं. पण आता लॉवेलच्या आत बसलेला चष्मेवाला जागा झाला. बिल्ला वाचणार कोण? धावत आलेला, घाबरलेला, शेरीफच्या हाताखालचा डेप्युटी. कुठून? दारातून. उजेड किती? कमी. लॉवेल एका दुपारी दृष्टी तपासायचा तक्ता घेऊन चर्चमध्ये गेला, पडदे ओढले, वेल्डाला दारात उभं केलं, तिला जागच्या जागी उड्या मारून धाप लावून घ्यायला सांगितलं आणि मग अक्षरं वाचायला लावली. वेल्डाने उड्या मारल्या, अक्षरं वाचली, आणि नंतर संध्याकाळपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. निष्कर्ष असा निघाला की अक्षरं बरीच मोठी पाहिजेत. अक्षरं मोठी केली तसा बिल्लाही मोठा झाला. तयार होऊन आला तेव्हा तो चहाच्या बशीएवढा होता.

"जत्रेत सर्वांत मोठ्या डुकराला बक्षीस म्हणून असा लावतात," क्लॅरिस म्हणाली.

पहिल्या रविवारी सहा हिरव्या बश्या चर्चमध्ये हजर झाल्या. त्यानंतर जे घडत गेलं त्याचा अंदाज कुणालाच नव्हता. पाहुणे बिल्लेवाल्यांना स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारू लागले. परवाना नसलेला एक सद्गृहस्थ लॉवेलला बाजूला घेऊन म्हणाला, "माझी पोरं विचारतात, बाबा, तुम्हाला का नाही मिळाला? आता काय सांगू? की मी कुणाच्या उपयोगाचा नाही?" दुसऱ्या एकाकडे परवाना होता, पण ते त्याच्या सासूला कळू द्यायचं नव्हतं. आणि हळूहळू लोकांच्या बसायच्या जागा बदलल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बाकावर ज्यांचं कुटुंब बसायचं ती माणसं उठून बिल्ल्याजवळ सरकली. काही त्याच्यापासून लांब गेली. व्यासपीठावरून पास्टर इन्ग्रिडना ते स्पष्ट दिसायचं: कागदाखाली लोहचुंबक धरल्यावर लोखंडाचा कीस जसा रेषा धरून बसतो, तशी सगळी मंडळी बसलेली.

"मी प्रवचन देते तेव्हा ते माझ्याकडे बघत नाहीत, लॉवेल," त्या एकदा दारात म्हणाल्या. "तुमच्याकडे बघतात. तुम्ही जांभई दिली की त्यांना बरं वाटतं."

पण लॉवेलच्या जिवाला लागलं ते मिसेस रेथमेलचं. एल्विरा रेथमेल चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि लॉवेलच्या लग्नातही ऑर्गन त्यांनीच वाजवला होता. ऑर्गन वाजवणाऱ्याची पाठ दाराकडे असते. त्यासाठी ऑर्गनच्या वर एक छोटा आरसा बसवलेला होता, आणि गोळीबाराच्या त्या बातमीपासून मिसेस रेथमेल सुरांपेक्षा त्या आरशातच जास्त बघायच्या. एखादं उशिरा येणारं कुटुंब दारात दिसलं की त्यांची बोटं अडखळायची. बिल्ले आल्यानंतर दुसऱ्याच रविवारी लॉवेलला दिसलं की आरसा जागेवर नाही.

"काढून टाकला," त्या म्हणाल्या. "आता काय करायचाय? तू आहेस ना मागे. परवा कित्येक दिवसांनी शेवटची धून न चुकता वाजली. ऐकलीस?"

लॉवेलने ऐकली होती. सगळ्यांनीच ऐकली होती. लोक जागचे हलले नव्हते.

"मिसेस रेथमेल," तो म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचंय. त्या बिल्ल्याचा अर्थ एवढाच की..."

"अर्थ मला कळतो रे. मला आता नीट झोप लागते, हा त्याचा अर्थ," त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातावर थोपटून निघून गेल्या.

"सांगितलंस?" वेल्डाने घरी विचारलं.

"सांगायला सुरुवात केली होती."

"लॉवेल, त्या बाईने तुझ्या भरवशावर मान वळवून बघायचं सोडलंय. एक तर तिला खरं सांग, नाहीतर ते तिजोरीतलं काढून कमरेला लाव."

ही निवड न्याय्य होती, आणि म्हणूनच भयंकर होती. पिस्तूल लावावं, तर त्याच्या डोळ्यांची तपासणी त्याने स्वतःच केलेली होती: गर्दीत त्याचा नेम कुणाला लागेल ते देवालाही सांगता आलं नसतं. खरं सांगावं, तर त्या म्हाताऱ्या बोटांखालची धून पुन्हा अडखळायला लागणार. लॉवेलने ठरवलं, वसंतातलं सहभोजन होऊन जाऊ दे, मग सांगू.

ते सहभोजन म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यांवर कोंबडीच्या नूडल्स, आणि त्या गरम ठेवण्यासाठी प्रत्येक घरातून आलेली विजेची मोठी भांडी. प्रत्येक गृहिणीचा स्वतःच्या भांड्यावर विश्वास आणि इतरांच्या भांड्यांवर संशय असल्याने एकही भांडं कमी होत नाही. दरवर्षी खालच्या सभागृहात ती ओळीने लागतात, दरवर्षी दिवे एकदा मिणमिणतात, आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतं की पुढच्या वर्षी निम्मी पुरेत. यंदा एका नव्या सुनेनेही आपलं भांडं आणलं होतं.

दुपार उताराला लागली होती. सभागृह गच्च भरलेलं. कोपऱ्यात कुणीतरी देऊन टाकलेला मोठा आडवा पियानो होता, त्यावर मिसेस रेथमेल, दाराकडे पाठ करून, आनंदात काहीतरी वाजवत होत्या. नव्या सुनेने भांड्याची पिन भिंतीत घातली. बाहेरच्या खांबावरचं विजेचं रोहित्र फुटलं.

तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांना तो रोहित्राचा आहे हे नंतर सांगूनही पटेना, इतका तो दुसऱ्या कशासारखा होता. दिवे गेले. तळघराच्या बारीक खिडक्यांतून थोडा करडा उजेड उरला. एक किंकाळी, ताटांचा खणखणाट, आणि मग सगळ्या सभागृहाने एकदम एकच गोष्ट केली: बिल्ल्यांकडे पाहिलं.

हे पाहणं काय असतं ते लॉवेलला त्या क्षणी कळलं. लोक टेबलांखाली जात होते आणि जाता जाता त्याच्याकडे बघत होते. काही जण तर टेबलाखाली न जाता त्याच्याच पाठीमागे येऊन वाकले. त्याचा हात सवयीने कोटाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. पियानो थांबला होता. मिसेस रेथमेल बाकावर तशाच बसून होत्या, पाठ दाराकडे, हात अजून पट्ट्यांवर, आणि मागे वळून बघत नव्हत्या. मागे लॉवेल आहे, असं त्या धरून चालल्या होत्या.

लॉवेल चार ढांगांत तिथे पोचला, त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पसरले. यापुढे काय करायचं याची त्याला अजिबात कल्पना नव्हती. बदकाच्या वेळीही त्याने हेच केलं होतं.

कुणीतरी फोन केला होताच. डेप्युटी आले ते दारात विजेऱ्या घेऊन. परगण्याच्या कचेरीत बिल्ल्याच्या आकाराचा, रंगाचा, गरुडाचा भरपूर विचार झाला होता. फक्त तो बिल्ला कशाचा आहे, हे डेप्युटींना सांगायचं राहून गेलं होतं. विजेरीच्या उजेडात हिरवी बशी झळकली. अक्षरं मात्र पुढच्या डेप्युटीने अचूक वाचली. तेवढं लॉवेलचं शास्त्र बरोबर होतं.

"परवानाधारक?" तो ओरडला. "पिस्तुलं आहेत यांच्याकडे! हिरवे बिल्लेवाले, हात वर! सगळे जमिनीवर! पालथे!"

आपले कोण हे ओळखू यावं म्हणून केलेल्या बिल्ल्याने आपले कोण हे ओळखू आलं, आणि आपले ते पालथे पडले. लॉवेलचं नाक फरशीवर सांडलेल्या नूडल्सपासून वीतभर अंतरावर होतं. डेप्युटीने त्याच्या कमरेची खोळ चाचपली.

"हे काय आहे?"

"चष्म्याचं घर," लॉवेल फरशीला उद्देशून म्हणाला.

खटका उघडल्याचा आवाज झाला. सभागृहात इतकी शांतता होती की तो शेवटच्या टेबलापर्यंत गेला. "चष्मा आहे," डेप्युटी म्हणाला, आणि हे त्याने का कोण जाणे अगदी मोठ्याने म्हटलं. "पिस्तूल कुठाय?"

"घरी. तिजोरीत."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून."

सगळे खांदे एकदम आवळल्याचं लॉवेलला पालथ्या अवस्थेतही जाणवलं.

डेप्युटी ड्वेनकडे वळला. "तुमचं?"

ड्वेन प्रथमच हळू आवाजात बोलला. "ट्रकमध्ये. बाकावर बसलं की टोचतं हो. बायकोच्या बाजूला येतं."

तिसऱ्याचं बोटीत राहिलं होतं. चौथ्याच्या बायकोने ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं आणि आता तिला सापडत नव्हतं. पाचव्याने परवाना काढला तो ड्वेनने काढला म्हणून. पिस्तूल त्याने अजून घेतलंच नव्हतं, चांगलं मिळालं तर बघू म्हणून थांबला होता. सहावा म्हणाला, "माझंही घरीच," आणि त्याला हुंदका फुटला.

डेप्युटी सरळ उभा राहिला. माणूस तरुण होता आणि शिकवणीत त्याला असलं काही शिकवलेलं नव्हतं. "मग इथे पिस्तूल आहे तरी कुणाकडे?"

'पाय'च्या टेबलामागून क्लॅरिस वाइसने हात वर केला. दुसऱ्या हातात रूबार्बचा आंबटगोड 'पाय' होता. "माझ्याकडे आहे, बाळा. पर्समध्ये. आधी हा खाली ठेवू का?"

"मॅडम, तुम्ही बिल्ला का नाही लावलात?"

"लपवायचा परवाना आहे," क्लॅरिस म्हणाली. "म्हणून लपवलं."

रोहित्राचा शोध लागला, डेप्युटींना जेवायला बसवलं गेलं, नूडल्स कोमट खाल्ल्या गेल्या. पुढच्या बैठकीत बिल्ले गोळा करून बंद झाले आणि त्यावर कुणी एक शब्दही बोललं नाही; ड्वेनसुद्धा. पास्टर इन्ग्रिडनी लॉवेलला फक्त एवढंच विचारलं, "दारावर तुम्हीच राहणार ना?" लॉवेलच्या दृष्टीने ते उत्तर त्याच्या हातात नव्हतं, मिसेस रेथमेलच्या होतं.

आणि मिसेस रेथमेल सोमवारी दुकानात आल्या. तपासणीच्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर ठेवली.

"खोळीत काय होतं ते तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आवाज झाला तेव्हाही?"

"तेव्हा तर फारच."

"मग माझ्यापुढे येऊन उभा कशाला राहिलास? हात पसरून? कोंबड्या हाकलणाऱ्यासारखा?"

लॉवेलने प्रामाणिकपणे विचार केला. दुसरं काही सापडलं नाही. "तुमची दाराकडे पाठ होती."

"मी रागावलेली आहे, लॉवेल. चांगलीच. या वसंतात मी जसं वाजवते आहे तसं वीस वर्षांत वाजवलं नव्हतं, आणि ते सगळं एका चष्म्याच्या घराच्या जिवावर. माणसाला कसं वाटेल?"

"मी आरसा परत लावून देतो."

"मी लावला काल. त्याचं मला काही नाही, त्यात बघत बघतही वाजवलं मी इतकी वर्षं." त्या पुढे झुकल्या. "पण तुझं उभं राहणं शुद्ध मूर्खपणाचं होतं, हे तुला कुणीतरी सांगायला हवं. खरा कुणी आला असता तर त्याने तुला पाडलं असतं, आणि मी तिथेच बाकावर बसून राहिले असते. माझा डावा गुडघा वाकत नाही. मला त्या पियानोखाली एकटीला जाता येत नाही. मला कुणी पुढे उभं राहणारं नकोय. खाली नेणारं पाहिजे. त्याला परवाना लागतो का?"

"नाही."

"नेमबाजी?"

"नाही."

"मग गुरुवारी ये. जुनी पॅन्ट घालून ये."

गुरुवारी दुपारी खालच्या सभागृहात कुणी नव्हतं. पहिल्या खेपेला लॉवेलने त्यांचा हात धरला आणि दोघंही बाकावरच बसली. दुसऱ्या खेपेला पियानोच्या कडेवर त्याचं कपाळ आपटलं आणि मिसेस रेथमेल म्हणाल्या की आवाज स्वराला धरून होता. तिसऱ्या खेपेला त्याने आधी स्वतः गुडघे टेकले, त्यांना आपल्या खांद्यावर भार टाकायला लावला, डावा पाय सरळ ठेवूनच त्यांना अंगाभोवती फिरवलं, आणि दोघं नीट, सावकाश, कुठेही न लागता पियानोखाली पोचली. वर लाकडाचं काळं छत होतं. दाराचा फक्त तळ दिसत होता.

"बरं आहे की," मिसेस रेथमेल म्हणाल्या. त्यांचा हात अजून त्याच्या बाहीवर होता. "आता वर कसं जायचं?"

या बाजूचा लॉवेलने विचार केला नव्हता. त्याने प्रयत्न केला. त्याच्याही कमरेने नकार दिला. म्हणून ती दोघं तिथेच बसून राहिली आणि नूडल्समध्ये जास्त मिरपूड कोण घालतं यावर बोलत राहिली. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. दाराच्या तळाशी पास्टर इन्ग्रिडचे बूट दिसले, ते जवळ आले आणि थांबले.

"कोण आहे तिथे?"

लॉवेलने तोंड उघडलं, पण मिसेस रेथमेलनी त्याची बाही ओढून त्याला गप्प केलं.

"सुरक्षा गट," त्या म्हणाल्या.